कोहेनचा मधला काळ: माझं मत 'व्हेरियस पोझिशन्स'ला

चाहत्यांच्या एका चर्चेत विचारलेला प्रश्न साधा आहे: कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन, त्याच्या मधल्या काळातला एकच अल्बम ठेवायचा झाला, तर कुठला? उत्तरांमध्ये बहुतेकांनी 'आय ॲम युअर मॅन'वर शिक्का मारलाय, काहींनी 'द फ्यूचर'वर. 'व्हेरियस पोझिशन्स'चं नाव निघालं ते 'हॅलेलुया'पुरतंच, तेही "गाणं महान, पण रेकॉर्डिंग फुसकं" या शेऱ्यासकट. माझं मत नेमकं याच अल्बमला आहे. 'हॅलेलुया' बाजूला काढून ठेवलं तरी ते बदलणार नाही.

आधी मधला काळ कुठून कुठपर्यंत धरायचा ते ठरवू, नाहीतर वाद भलतीकडेच जातो. १९६७ ते १९७४ मधले पहिले चार अल्बम म्हणजे गिटारवाला कवी. १९७७ चा 'डेथ ऑफ अ लेडीज मॅन' धड इकडचा ना तिकडचा. निर्माता फिल स्पेक्टर टेप्स स्वतःच्या ताब्यात घेऊन बसला, परस्पर मिक्स करून मोकळा झाला आणि कोहेनने अंदाजापुरतं गाऊन ठेवलेलंच शेवटी छापलं गेलं. तो अल्बम मी मोजत नाही. माझ्या हिशेबात मधला काळ १९७९ च्या 'रीसेंट साँग्ज'पासून सुरू होतो आणि १९९२ च्या 'द फ्यूचर'पाशी संपतो. तेरा वर्षांत चारच अल्बम. हा माणूस एकेका गाण्यावर वर्षानुवर्षं बसायचा, त्यामुळे यापेक्षा जास्त मिळणारही नव्हते.

या चारही अल्बमांत मला एक धागा सरळ ऐकू येतो. कोहेनचा आवाज खाली खाली जातो आणि त्याच्याबरोबर गाणाऱ्या बायकांचे आवाज पुढे पुढे येतात. 'रीसेंट साँग्ज'मध्ये गायिका जेनिफर वॉर्न्स त्याच्या मागे उभी आहे. 'व्हेरियस पोझिशन्स'मध्ये ती शेजारी येते. 'आय ॲम युअर मॅन'मध्ये बायकांचे आवाज कोरस होऊन त्याला उत्तरं देतात, कधी त्याची फिरकी घेतात. 'द फ्यूचर'मध्ये तर मागे अख्खा गॉस्पेल, म्हणजे चर्चमधल्या समूहगायनाच्या थाटाचा ताफा आहे. गायक म्हणून आपली मर्यादा कोहेनला पुरती ठाऊक होती. १९९३ मध्ये कॅनडाचा ज्युनो पुरस्कार मिळाला, तोही सर्वोत्तम पुरुष गायकाचा, तेव्हा मंचावरून तो काय बोलला? असा आवाज असलेल्या माणसाला हा पुरस्कार फक्त याच देशात मिळू शकतो, अशा अर्थाचं! म्हणून माझा निकष एवढाच: ही दोन आवाजांची जुळणी कुठे सर्वांत चांगली साधली?

'व्हेरियस पोझिशन्स' १९८४ च्या शेवटी आला. नऊ गाणी, जेमतेम पस्तीस मिनिटं, निर्माता जॉन लिसॉअर. लिसॉअरने दहा वर्षांपूर्वी 'न्यू स्किन फॉर द ओल्ड सेरेमनी' केला होता, तेव्हा गडी नवा नव्हता. कोलंबियाची मालक असलेल्या सीबीएस रेकॉर्ड्सचे प्रमुख वॉल्टर येटनिकॉफ यांनी मात्र 'व्हेरियस पोझिशन्स' अमेरिकेत काढायला चक्क नकार दिला. "तू थोर आहेस हे आम्हाला माहीत आहे, पण तू चांगला आहेस की नाही ते कळत नाही," हे त्यांचं वाक्य कोहेन पुढे मुलाखतींतून रंगवून सांगायचा. शेवटी पासपोर्ट नावाच्या एका छोट्या कंपनीने १९८५ मध्ये तो अमेरिकेत आणला.

आता 'हॅलेलुया'चं रेकॉर्डिंग फुसकं का वाटतं ते बघू. आपल्यापैकी बहुतेकांच्या कानात जेफ बकलीने गायलेलं 'हॅलेलुया' (१९९४) बसलंय. बकलीने घेतलं ते गायक जॉन केलच्या रेकॉर्डवरून (१९९१). आणि केलने कोहेनकडून फॅक्सवर कडव्यांचा गठ्ठाच मागवून आपल्या पसंतीची कडवी उचलली होती. मूळ रेकॉर्डमध्ये चार कडवी आहेत. त्यातली पहिली दोन, म्हणजे बायबलमधल्या दाविद राजाचं आणि गच्चीवर अंघोळ करणाऱ्या बाईचं, केलने ठेवली. शेवटची दोन गाळली. त्यामुळे बकलीचं गाणं प्रेमभंगाकडे झुकतं, तर मूळ गाणं संपतं ते गाण्याच्या देवासमोर हिशेब द्यायला ताठ उभ्या राहिलेल्या माणसापाशी. त्या माणसाला मागून कोरसची साथ हवीच. हळवेपणाची अपेक्षा धरून ऐकाल तर मूळ गाणं खटकणार, त्याला रेकॉर्डिंगचा काय इलाज?

पण माझा जीव या अल्बमच्या बाकी गाण्यांत आहे. 'डान्स मी टू द एंड ऑफ लव्ह' लग्नसमारंभात वाजतं. लोक त्यावर नाचतात, नाचू देत. पण कोहेनने सांगितलंय की गाण्याची सुरुवात झाली ती नाझी छळछावण्यांच्या माहितीतून. तिथे कैद्यांमधल्याच वादकांना दाहभट्ट्यांशेजारी वाजवायला लावत. हे कळल्यावर पहिल्याच ओळीतलं जळतं व्हायोलिन वेगळंच ऐकू येतं. गाणं तरीही प्रेमगीतच राहतं, ही खरी कमाल.

'नाइट कम्स ऑन'चं नाव त्या चर्चेत कुणीच घेतलं नाही याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. पहिल्या कडव्यात तो आईच्या थडग्यापाशी आहे. दुसऱ्यात इजिप्तमधली लढाई आणि जखमी बाप. कोहेनचा बाप तो नऊ वर्षांचा असताना गेला होता, आणि १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात कोहेन स्वतः इजिप्तच्या सिनाईत इस्रायली सैनिकांपुढे गायला होता, त्यामुळे यातलं काहीच हवेतून आलेलं नाही. पुढे बायको येते, मुलं येतात. रात्र उतरते, त्याला तिथेच थांबावंसं वाटतं, आणि त्याला परत जगात धाडलं जातं. चाल अगदी संथ, कुठेही नाट्य नाही. आवाज इतका खाली की गातोय की बोलतोय कळू नये. १९६७ चा कोहेन हे गाणं लिहू शकला असता कदाचित, पण त्या वरच्या पट्टीत ते गाता आलं नसतं.

आणि शेवटचं 'इफ इट बी युअर विल'. यात जेनिफर वॉर्न्स आणि कोहेन जवळपास बरोबरीने गातात. पहिल्या कडव्यात तो म्हणतो, तुझी इच्छा असेल तर मी गप्प बसतो. गायकाने मागावं असं हे मागणं नव्हे. पुढे मात्र तो स्वतःसाठी काही मागतच नाही, जे नरकात जळताहेत त्या सगळ्यांवर दया कर म्हणतो. पसायदान लहानपणापासून म्हणत आलेल्या माणसाला इथे वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. हिचा आवाज वर, त्याचा खाली, आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. माझ्या निकषावर कोहेनच्या रेकॉर्डमध्ये याच्या वर काही नाही.

अल्बम निर्दोष आहे असं मुळीच नाही. 'द कॅप्टन' मला कधी भावलं नाही, आणि कीबोर्डचा पातळपणा कानाला जाणवतो हे खरंच. पण मग तसलाच स्वस्त कीबोर्ड 'आय ॲम युअर मॅन'मध्ये का चालतो? कारण तिथे त्याची शैली झालीय. 'टॉवर ऑफ साँग'मध्ये मशीनचा तयार ठेका चालू आहे आणि कोहेन एका बोटाने सोलो वाजवतो, शिकाऊ पोरासारखा. पुढे २००८ च्या लंडनच्या कार्यक्रमात त्या एका बोटाला टाळ्या पडल्या. 'एव्हरीबडी नोज' गायिका-गीतकार शेरन रॉबिन्सनबरोबर लिहिलेलं, त्याबद्दल वाद घालणाऱ्याशी मी बोलणारच नाही. कव्हरवर गॉगल आणि सुटातले साहेब केळं खातायत, यावरूनच अल्बमची तब्येत कळते.

मग याला पहिला नंबर का नाही? कारण आठ गाण्यांत एक 'जॅझ पोलीस' आहे, आणि आठातलं एक गचकलं की फार जाणवतं. 'टेक धिस वॉल्ट्झ' मुळात १९८६ मध्ये स्पॅनिश कवी लोर्काच्या स्मरणार्थ निघालेल्या संकलनासाठी केलेलं. 'फर्स्ट वी टेक मॅनहॅटन' जेनिफर वॉर्न्सने एक वर्ष आधीच, १९८७ मध्ये, स्टीव्ही रे वॉनच्या गिटारीसह गाऊन ठेवलं होतं, आणि मला तेच जास्त धारदार वाटतं. एकेक गाणं सुटं ऐकलं तर हा अल्बम जिंकेल. सलग ऐकताना ठिगळं दिसतात.

'द फ्यूचर'बद्दल थोडक्यात. 'अँथेम', 'डेमॉक्रसी' आणि शीर्षकगीत हे तीन मोठे डोंगर, पण सीडीच्या जमान्यात तास भरायचाच अशी जणू सक्ती होती. जुना अमेरिकी गीतकार आयर्विंग बर्लिनचं 'ऑल्वेज' आठ मिनिटं ताणलंय, 'टाकोमा ट्रेलर'मध्ये तर शब्दच नाहीत. वीस मिनिटं कापली असती तर मी कदाचित माझं मत बदललं असतं.

या काळाचा शेवट कुठे झाला, त्याचं एक टोक मुंबईत आहे. 'द फ्यूचर'नंतर कोहेन लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवर झेन मठात राहिला, १९९६ मध्ये रीतसर भिक्षू झाला, १९९९ मध्ये तिथून उतरला आणि मुंबईला आला, रमेश बाळसेकरांच्या सत्संगाला. हे बाळसेकर बँक ऑफ इंडियाचे निवृत्त जनरल मॅनेजर. खेतवाडीत निसर्गदत्त महाराज मराठीतून बोलायचे, त्याचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्यांपैकी एक. केम्प्स कॉर्नरच्या साध्या हॉटेलात राहून कोहेन रोज तिथे जायचा. आयुष्यभर पाठीला लागलेलं नैराश्य याच सुमारास ओसरल्याचं त्याने नंतर सांगितलं. २००१ च्या 'टेन न्यू साँग्ज'मधला आवाज ऐका, तो माणूस कुणाशी भांडत नाहीये. म्हणून तो अल्बम मी मधल्या काळात धरत नाही.

राहिला 'रीसेंट साँग्ज'. चर्चेत कुणीतरी त्याला "झोप आणणारा" म्हटलंय. जॉन बिलेझिकजियनचा औद (अरबी तंतुवाद्य) आणि राफी हाकोपियनचं व्हायोलिन ऐकून झोप येत असेल तर माझा नाइलाज आहे. तरी एक करून बघा: स्टुडिओ रेकॉर्ड तूर्त सोडा आणि त्याच दौऱ्याचं 'फील्ड कमांडर कोहेन' लावा. १९७९ मध्ये इंग्लंडमधल्या कार्यक्रमांत ध्वनिमुद्रित झालेलं, पण बाजारात आलं २००१ मध्ये. 'द गेस्ट्स'पासून सुरू करा, हेडफोन लावून. मग सांगा, तिसरा नंबर 'द फ्यूचर'ला द्यायचा की याला. मी याला देतो.