चिन्ह नेमकं कधी उलटवायचं?

प्रश्न : सर, मुलीला बीजगणित शिकवताना मीच अडकले. गणित आहे ७ − ३क्ष ≤ १९. नेहमीच्या समीकरणासारखं सोडवलं तर क्ष ≤ −४ आलं, पुस्तकात मागे उत्तर दिलंय क्ष ≥ −४. छपाईची चूक आहे का? आणि संख्यारेषेवर गोल कधी भरायचा, कधी रिकामा ठेवायचा तेपण सांगा.

उत्तर : पुस्तक बरोबर आहे. तुमचं उत्तर खरं धरलं तर क्ष = −५ चालायला हवं, टाकून बघा, ७ + १५ म्हणजे २२, आणि २२ काही १९ पेक्षा लहान नाही. आता ० टाका, ७ ≤ १९, एकदम बरोबर, पण तुमच्या उत्तरात ० बसतच नाही.

घोळ झालाय −३ ने भागताना. २ < ५ हे खरं ना, दोन्हीकडे −१ ने गुणा, −२ आणि −५ येतात, आणि आता −२ मोठा, कारण शून्याच्या डावीकडे जितकं लांब जाल तितकी संख्या लहान. म्हणून ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की चिन्ह उलटतं. बेरीज-वजाबाकीत सगळ्या संख्या एकसाथ सरकतात, क्रम तोच राहतो, तिथे काही करायचं नाही. पण मुलं नियम नुसता पाठ करतात आणि मग उणे दिसलं रे दिसलं की चिन्ह फिरवतात, ३क्ष < −१२ मध्येसुद्धा! अहो तिथे भागायचंय अधिक ३ ने, उत्तर क्ष < −४, चिन्ह जागच्या जागी.

मला विचाराल तर ऋण भागाकाराच्या भानगडीतच पडू नका. ३क्ष उजवीकडे न्या, १९ डावीकडे आणा, −१२ ≤ ३क्ष, म्हणजे −४ ≤ क्ष. बाजू बदलून लिहिताना चिन्हाचं उघडं तोंड क्षकडेच ठेवा, क्ष ≥ −४.

गोलाचं सोपं आहे. चिन्हाखाली रेघ असेल तर गोल भरायचा, नसेल तर रिकामा. इथे −४ वर भरलेला गोल आणि उजवीकडे बाण. (< आणि > ही चिन्हं इंग्रज गणितज्ञ थॉमस हॅरियटच्या १६३१ सालच्या पुस्तकातली, तेही तो गेल्यावर छापलेलं, बरोबरीची जोड मिळायला पुढे शंभरेक वर्षं गेली.)

प्रश्न : लिफ्टला ४५० किलोची मर्यादा, माणूस ७० किलोचा, एकेक खोकं ३० किलोचं. किती खोकी नेता येतील? मांडायचं कसं तेच कळत नाही.

उत्तर : ‘मर्यादा’, ‘जास्तीत जास्त’ असं आलं की ≤, ‘किमान’, ‘निदान’ आलं की ≥. खोक्यांची संख्या ‘न’ माना, ३०न + ७० ≤ ४५०, म्हणून ३०न ≤ ३८०, न ≤ १२.६६... आता इथे १३ करायचे नाहीत हां, १३ खोक्यांचं वजन माणसासकट ४६० होतं. उत्तर १२. आणि आलेखात सलग जाड रेघ ओढू नका, अर्धं खोकं कोण नेणार, ० पासून १२ पर्यंत सुटे ठिपके द्या.