पूर ओसरला, आता सोनं विकायचं का?

बडोद्याच्या समा भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: ऑगस्ट 2024च्या पुरात त्यांच्या टेनामेंटमध्ये, म्हणजे स्वतःच्या बैठ्या घरात, 4 फूट पाणी शिरलं. फ्रिज, सोफा, कपाटं गेली आणि ज्यांच्यावर ब्लाउज शिवून त्या महिन्याला 14 हजार कमावतात ती दोन्ही शिलाई मशीनंही गेली. यजमान मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नोकरीला, वय 46, पगार हातात 58 हजार. मुलगी पुढच्या वर्षी बारावीला, सासूबाई 78 वर्षांच्या. यजमानांना घर विकून तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घ्यायचाय आणि कमी पडेल ते ताईंच्या सोन्यातून घालायचंय. "सोन्याला एवढा भाव आजवर आला होता का?" हा त्यांचा मुद्दा. ताईंना तिथंच राहून गच्चीवर खोली बांधायची आहे. त्यात मध्येच त्यांना कळलं की दुरुस्तीसाठी यजमानांनी 14 टक्क्यांनी 3 लाखांचं पर्सनल लोन परस्पर काढलंय. त्या लिहितात, "पाणी चढत होतं तेव्हा आम्ही दोघांनी सासूबाईंना खुर्चीसकट उचलून शेजारच्यांच्या माडीवर नेलं, एका शब्दाचा वाद नाही. आता भिंतीवरची चिखलाची रेघ रंगवायची की नाही, यावरूनही अबोला होतो. सोनं देऊ का?"

ताई, आधी उत्तर देतो: नका देऊ. घरही या वर्षी विकू नका. पण तुमच्या यजमानांचं सगळंच चुकतंय असं मात्र मी म्हणणार नाही.

अबोल्याबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण मी समुपदेशक नाही, हिशेब बघणारा माणूस आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये 2017 साली हार्वे वादळ आलं. तिथल्या नवविवाहित जोडप्यांचा अभ्यास वादळाच्या आधीपासूनच चालू होता. वादळानंतर लगेच त्यांचं एकमेकांबद्दलचं समाधान वाढलं आणि वर्षभरात पुन्हा होतं तिथं आलं. म्हणजे खुर्ची उचलतानाचा तुमचा एकोपा खरा होता आणि तो ओसरला यातही जगावेगळं काही नाही. दुसरी गोष्ट माझ्या कामाची. 1989च्या ह्यूगो वादळानंतर साउथ कॅरोलिनातल्या तडाखा बसलेल्या भागांत पुढच्या वर्षी लग्नं वाढली, जन्म वाढले आणि घटस्फोटही वाढले. मी त्याचा अर्थ असा लावतो की संकट पाहिलेला माणूस मोठे निर्णय घ्यायला उतावीळ होतो, मग ते जोडण्याचे असोत की तोडण्याचे. घर विकणं हा त्यातलाच एक. म्हणून लोन, सोनं आणि घर हे तीन प्रश्न एका ताटात वाढू नका.

लोनपासून सुरुवात करू, कारण तिथं वादाला जागाच नाही. 3 लाख, 14 टक्के, 3 वर्षं म्हणजे महिना सुमारे 10,250 रुपये हप्ता. वर्षभराचे हप्ते गेले असतील तर अजून 2 लाख 13 हजारांच्या आसपास बाकी असेल. दुसरीकडे तुमची 4 लाखांची एफडी सात टक्क्यांच्याही आत व्याज देतेय. एका हाताने 14 टक्के भरायचे आणि दुसऱ्या हाताने त्याच्या निम्मे घ्यायचे, याला बचत म्हणत नाहीत. मुदतीआधी फेडण्याचा दंड बँकेला विचारा आणि एफडी मोडून लोन मिटवा. हाताशी पावणेदोन लाखांच्या वर उरतील, म्हणजे तुमच्या 45 हजारांच्या घरखर्चाचे चार महिने. परस्पर लोन काढलं हे मलाही पटलं नाही. पण पत्रात तुम्हीच म्हणता की त्या आठवड्यात इलेक्ट्रिशियन रोख मागत होता आणि घरात चूल पेटत नव्हती. तो राग लोनबरोबर फिटावा, सोन्याच्या भांडणात शिरू नये.

आता फ्लॅट. तुम्ही पाठवलेले आकडेच मांडतो. दलाल टेनामेंटचे 46 लाख देतो म्हणतोय. पुराआधी त्याच गल्लीतलं घर 58ला गेलं होतं. फ्लॅट 68 लाखांचा. गुजरातेत स्टॅम्प ड्युटी 4.9 टक्के, म्हणजे 3 लाख 33 हजार. नोंदणी 1 टक्का, 68 हजार (दस्तावेज फक्त बाईच्या नावावर असेल तर ही फी माफ आहे, हे यजमानांना जरूर सांगा). दोन्हीकडची दलाली आणि साधं फर्निचर धरलं की खर्च 76 लाखांवर जातो. घराचे 46 आणि कर्जाचे 20 मिळून 66. उरलेले 10 लाख तुमच्या दागिन्यांच्या डब्यातून. कर्ज 8 टक्के धरलं आणि यजमान 58ला निवृत्त होईपर्यंत 12 वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता सुमारे 21,650. जुनं लोन तसंच राहिलं तर दोन्ही मिळून जवळजवळ 32 हजार, 72 हजारांच्या मिळकतीत. त्यात सोसायटीचा मेंटेनन्स आणि लगेच मुलीच्या कॉलेजची फी. पाण्यातून बाहेर पडून हप्त्यात बुडण्याचा हा प्रकार आहे.

पुन्हा तिसरा मजला म्हणजे सुटका, असंही समजू नका. विश्वामित्री नदी त्या वेळी 35 फुटांच्या वर गेली तेव्हा फ्लॅटवाल्यांच्या घरात पाणी नव्हतं, पण वीज नव्हती, लिफ्ट बंद, दूध नाही आणि खाली पार्किंगमध्ये गाड्या बुडालेल्या. 78 वर्षांच्या सासूबाईंना तीन जिने उतरवून दवाखान्यात कोण नेणार होतं?

तरीही यजमानांची भीती खोटी नाही. 31 जुलै 2019चा पाऊस त्यांना आठवत असणार, मग 2024. पाच वर्षांत दोनदा म्हणजे हा योगायोग नव्हे. नदीचं पात्र खोल आणि रुंद करायचं काम झालं, यंदा तुमच्या दारात पाणी आलं नाही, पण एका पावसाळ्यावरून निकाल लावता येत नाही. मला वाटतं त्यांना फ्लॅटपेक्षा ती खुर्ची पुन्हा उचलावी लागू नये एवढंच हवंय. तसं असेल तर गच्चीवरची खोली तुमच्यापेक्षा त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे, फक्त ती नीट बांधायला हवी. जिना रुंद, पायऱ्या बुटक्या, दोन्हीकडे कठडा, वर संडास-बाथरूम. जूनपासून सासूबाईंचा पलंग वर, आणि मशीनंही वर. खालचे स्विचबोर्ड आणि इन्व्हर्टर रेघेच्या दोन फूट वर घ्या. आधी इंजिनिअरकडून पाया तपासून घ्या आणि कॉर्पोरेशनची रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकाम परवाना, काढा. बिनरजेचं बांधकाम पुढे घर विकताना आडवं येतं.

खर्च तुम्ही 7 लाख सांगता. यजमानांचं पीपीएफ 2012चं आहे, त्यामुळे त्यातून काही रक्कम काढता येते. चार वर्षांपूर्वीच्या किंवा गेल्या वर्षीच्या अखेरच्या शिलकीपैकी जी कमी असेल तिच्या निम्म्यापर्यंत, आणि त्यावर कर नाही. तुमच्या आकड्यांवरून 3 लाख निघावेत. उरलेल्या 4 लाखांसाठी घरदुरुस्तीचं कर्ज, 9 टक्के आणि 7 वर्षं धरली तर हप्ता 6,450च्या आत. म्हणजे आज 10,250 जातायत त्यापेक्षा कमी, आणि डबा जागच्या जागी.

डब्याबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय की स्त्रीधनावर पूर्ण मालकी बायकोची. नवऱ्याने अडीअडचणीला ते वापरलं तर ते किंवा त्याची किंमत परत करणं ही त्याची नैतिक जबाबदारी. हा कायदा मी नवऱ्याला ऐकवण्यासाठी सांगत नाहीये. देणं-न देणं तुमच्या हातात आहे हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतोय. भाव चढा आहे हे खरं, पण दागिना मोडताना घडणावळ जाते, घट धरली जाते आणि दोन वर्षांपेक्षा जुन्या सोन्याच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो. घरात गुंतवलं तर करात सवलत मिळू शकते, अटी सीएकडून समजून घ्या. उद्या खरोखर फ्लॅट घ्यायचा ठरला आणि तुम्ही स्वखुशीने सोनं घातलंत, तर दस्तावेजावर तुमचं नाव हवं. आणि नणंदेसमोर, जावेसमोर "मी दिलं" असं ऐकवायची वेळ येणार असेल तर मुळात देऊच नका.

माझं मत कशाने बदलेल? टेनामेंटला 55च्या आसपास भाव आला तर. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा घरात पाणी शिरलं तर. किंवा सासूबाईंना जिना चढणं डॉक्टरांनीच बंद केलं तर. मग पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरता लिफ्टचा आणि जनरेटर असलेला भाड्याचा फ्लॅट बघा, तेही विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडेल.

विमा राहिला. तुमच्या घराचा विमाच नव्हता, हे वाचून हळहळलो. 2021पासून सगळ्या सर्वसाधारण विमा (जनरल इन्शुरन्स) कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकाच धाटणीची पॉलिसी मिळते. तिच्यात पूर येतो, आणि इमारतीच्या विम्याबरोबर घरातल्या सामानाला आपोआप 20 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 10 लाखांचं संरक्षण मिळतं. मे उजाडायच्या आत घ्या. मात्र ज्या मशीनांवर तुम्ही पैसे कमावता ती घरसामानात धरली जातील असं गृहीत धरू नका. छोट्या धंद्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' वेगळी आहे, तिच्यात नव्या मशीनांची बिलं जोडा. ती बिलं आणि घराचे कागद यांचे फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा.

गच्चीच्या खोलीचं एस्टिमेट आलं की पाठवा, पण या वेळी पत्रावर दोघांच्या सह्या असू द्या.