लेकराच्या भेटीचा अर्ज लिहिण्याआधी

चि. बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. सूनबाई लेकराला घेऊन वाशीमला माहेरी गेली आणि तू चार माणसं घेऊन त्याला उचलून आणायला निघालास म्हणे. जाऊ नको. लेकरू घाबरेल, आणि कोर्टात तेच तुझ्या विरोधात उभं राहील.

अर्ज कर. लेकरू नेहमी जिथं राहतं तिथल्या कोर्टात तो करायचा असतो. कुटुंब न्यायालय नसेल तिथं जिल्हा न्यायालय ऐकतं. दहा एकर वावर, विहीर, पक्कं घर असं सगळं त्यात लिहायचं तुझ्या मनात आहे. लिही, पण त्यावर भिस्त ठेवू नको. १८९० च्या पालकत्वाच्या कायद्यापासून १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यापर्यंत सगळं येऊन थांबतं ते लेकराच्या हितावर. त्याला कोण जेवू घालतं, तापात रात्रभर उशाशी कोण बसतं, अंगणवाडीत कोण सोडतं, हे विचारलं जाईल. तुझं लेकरू चार वर्षांचं आहे. पाच वर्षांच्या आतलं मूल सहसा आईकडेच राहावं, असं १९५६ चा कायदाच म्हणतो. म्हणून आज ताब्यासाठी भांडण्यापेक्षा भेटी भरपूर माग. अंतरिम अर्जावर निकालाआधीही भेटी मिळतात, आणि मोबाईलवर रोज बोलायची वेळही मागता येते. ताब्याचा हुकूम कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो.

मी समुपदेशक म्हणून कोर्टात बसायचो, तेव्हाचा एक बाप अजून डोळ्यासमोर आहे. कापूस वेचणी चालू म्हणून त्याने ओळीने भेटी चुकवल्या. मग एसटीने आला, पिशवीत पोरासाठी नव्या सँडल. पोराच्या पायात त्या शिरेनात. त्याने मागच्या वर्षीच्या मापाने घेतल्या होत्या. पोरगं टाच दाबत राहिलं, बापाला वाईट वाटू नये म्हणून. मला तेव्हा काही बोलवलं नाही.

म्हणून तुझ्याच्यानं पाळता येतील तेच दिवस माग. दर रविवार लिहून दिलास आणि वेचणीत दोन रविवार बुडाले, तर त्याची नोंद होते. महिन्याचे दोन रविवार आणि दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीतले काही दिवस धर. भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवू नको, ती लेकराच्या पोटासाठी असते. पैसे बँकेतून पाठव आणि पावत्या जपून ठेव.

आणि भेटीत लेकराला "आई काय म्हणते?" असं एकदाही विचारू नको. मोठ्या मुलाशी न्यायाधीश चेंबरमध्ये एकटंच बोलतात, तेव्हा पढवलेलं लगेच कळतं. तुझं तर अजून लहान आहे, त्याला नुसतं मांडीवर घेऊन बस.

शनिवारी कागद घेऊन घरी ये, अर्ज सोबत वाचू.

तुझा,
काका