रविवारी सकाळी आमची गल्ली रिकामी असते

प्रश्न : मावशी, नमस्कार. आम्ही मूळचे पंढरपूरकडचे, घरात माळ आहे, सासरे असेपर्यंत वारी कधी चुकली नाही. मिस्टरांना कागलच्या एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून जूनमध्ये कोल्हापुरात आलो आणि घर मिळालं ते अशा गल्लीत की चौदातली अकरा घरं ख्रिश्चन, सगळी एकाच चर्चला जाणारी. माणसं वाईट अजिबात नाहीत, गॅस संपला तेव्हा समोरच्या काकूंनी न विचारता त्यांचा जादाचा सिलेंडर आणून दिला. पण रविवारी सकाळी सगळी गल्ली इस्त्रीचे कपडे घालून निघून जाते आणि आम्ही तिघं दारात चहा पीत बसतो, तेव्हा कसंतरीच होतं. एकदा काकूंनी बोलावलं म्हणून मी गेले, गाणी ऐकून तर चकितच झाले, पेटी-तबल्यावर चक्क अभंग! मग एक ताट फिरत आलं, त्यात पावाचे तुकडे होते, घ्यायचं की नाही कळेना, घाबरून पुढं सरकवलं. कुणाचा अपमान झाला का? दुसरं म्हणजे श्रावणात सत्यनारायण केला, शिरा घेऊन काकूंकडे गेले तर त्या म्हणाल्या, "राहू दे वहिनी, आम्ही प्रसाद खात नाही." मला फार लागलं ते, अजून लागतंय. आणि आता आठ वर्षांचा मुलगा हट्ट धरून बसलाय की मित्रांबरोबर संडे स्कूलला जायचं, नाताळच्या नाटिकेत त्याला मेंढपाळाचं काम देतायत. सासूबाई फोनवर म्हणतात, "पोरगं बाटवून आणशील." काय करू? चर्चला जायला लागू का, म्हणजे तरी आपलं म्हणतील?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अगं, ताट पुढं सरकवलंस तेच बरोबर केलंस! मी काय केलं होतं ऐक. लग्नानंतर आम्ही अकरा वर्षं अशाच एका ख्रिस्ती वस्तीत भाड्यानं राहिलो, आणि पहिल्यांदा चर्चला गेले तेव्हा ताट आल्यावर मी आपली देवळातल्यासारखी उजवी ओंजळ पुढं केली, तुकडा डोळ्याला लावला, तोंडात टाकला, आणि वर शेजारच्या बाईला विचारलं, अजून एक मिळेल का, पोराला नेते. त्या बाईनं हसू कसं दाबलं असेल तिलाच माहीत. ते प्रभुभोजन असतं. येशूनं शिष्यांबरोबर जे शेवटचं जेवण घेतलं त्याची आठवण, भाकर म्हणजे त्याचं शरीर आणि छोट्या पेल्यातला द्राक्षरस म्हणजे रक्त, आणि ते बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यानं दिलेली ख्रिस्ती दीक्षा, झालेल्यांनी विश्वासानं घ्यायचं असतं, काही ठिकाणी तर त्यांच्या स्वतःच्या पोरांनाही दृढीकरण, म्हणजे मोठं झाल्यावर आपला विश्वास स्वतः कबूल करायचा विधी, झाल्याशिवाय देत नाहीत. तेव्हा ताट आलं की नुसतं पुढं द्यायचं, कुणी वळूनसुद्धा बघत नाही. दानाची थैली फिरते तिचंही तसंच, पाहुण्यानं टाकलंच पाहिजे असं काही नाही.

आता शिऱ्याचं. हे तुला लागलंय म्हणून जरा सविस्तर सांगते. करिंथ नावाच्या शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला येशूचा प्रेषित पौल यानं जे पहिलं पत्र लिहिलं, बायबलमध्ये आहे ते, त्यात आठव्या अध्यायात हाच विषय आहे बघ, मूर्तीपुढं ठेवलेलं अन्न खावं की खाऊ नये. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षं त्यांच्यात हा वाद चालू आहे, कुणी म्हणतं अन्न ते अन्न, कुणी म्हणतं नको, दुसऱ्याचं मन डळमळेल. त्यामुळं एकाच गल्लीत एक घर प्रसाद घेतं आणि दुसरं घेत नाही, असं तुला दिसेल. काकूंनी नको म्हटलं ते तुझ्या शिऱ्याला किंवा तुझ्या हाताला नाही गं, नैवेद्याला. तू पावाचा तुकडा घेतला नाहीस तेव्हा काकूंचा राग म्हणून नाही ना घेतला? मग! मला हे कळायला दोन वर्षं लागली, तोवर मी एका शेजारणीशी उगीच तुटक बोलत होते, त्या दोन वर्षांचं अजून वाईट वाटतं. नंतर मी सोपं केलं. नैवेद्य दाखवायच्या आधीच एक डबा बाजूला काढायचा आणि देताना स्पष्ट सांगायचं, "हे देवापुढं ठेवलेलं नाही." खोटं मात्र कधी बोलायचं नाही, एकदा जरी कळलं की प्रसादातलंच आणून दिलं तर तो डबा कायमचा बंद. दिवाळीचा फराळ बहुतेक घरी आनंदानं चालतो, आणि नाताळला तुझ्याकडं करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या अशी ताटं येतील की तुला वाटेल दुसरी दिवाळी आली. तुम्ही माळकरी, तेव्हा मटणाचं आधीच सांगून ठेव. आणि रविवारी दुपारी गल्लीभर तांबड्या-पांढऱ्याचा वास सुटला तर तो ख्रिश्चनांचा नाही, तो कोल्हापूरचा आहे, तुमचं सोडून बाकीच्या दोन घरांतूनही येत असेल.

चर्चला जायला लागू का म्हणतेस. ऐकायला जावंसं वाटतंय तर जा, अधूनमधून जा, मागं बस, सगळे उभे राहिले की उभी राहा. गाण्याचं म्हणशील तर तुला अभंग ऐकू आले ते खरंच अभंग आहेत. नारायण वामन टिळक हे कोकणातले चित्पावन, 1895 साली ख्रिस्ती झाले, आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं ते सांगायचे, त्यांची आणि त्यांच्यासारख्यांची कितीतरी पदं मराठी चर्चमध्ये आजही म्हणतात. आणि हे लोक कोल्हापुरात काही काल आलेले नाहीत. वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी इथं 1852 साली आले, त्यांच्या नावाचं चर्च न्यू शाहूपुरीत आहे. हिशेब केलास तर काकूंच्या मागच्या पाच-सहा पिढ्या इथल्याच असतील, नवी आलेली तू आहेस.

पण "आपलं म्हणतील" म्हणून जाऊ नकोस. हे मी स्वतः करून बसलेय म्हणून सांगते. पहिलं वर्षभर मी दर रविवारी गेले, कुंकू बारीक लावायला लागले, प्रार्थनेत सगळ्यांच्या आधी डोळे मिटायचे, आणि त्यामुळं झालं काय की महिला मंडळातल्या बायकांना वाटलं ही आता बाप्तिस्मा घेणार, त्या जास्तच आपुलकीनं बोलावू लागल्या, घरी प्रार्थना ठेवू का विचारू लागल्या, आणि मी तोंडदेखलं "हो हो, बघू" करत राहिले. त्यांचीही फसगत आणि माझीही. शेवटी पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या पाद्र्यांच्या, बायकोनंच एकदा भाजी निवडता निवडता सरळ विचारलं, "बाई, तुमच्या मनात नक्की काय आहे?" मी म्हटलं, "माझी अंबाबाई आहे, मला फक्त तुमची सोबत पाहिजे." तर ती म्हणाली, "मग आधीच सांगायचं की हो, आम्ही दर बुधवारी तुमच्यासाठी प्रार्थना करून दमलो." आणि दोघी हसलो ते हसलोच. त्या दिवसापासून बोलावणं थांबलं नाही, पण त्यातला आडपडदा गेला. तेव्हा तू आत्ताच सांगून टाक, आम्ही माळकरी आहोत, तसेच राहणार, पण तुमच्या सुखदुःखाला येणार. एखादं माणूस तरीही मागं लागतंच, ते सगळ्याच धर्मांत असतं, त्याला हसून पण एकाच शब्दात "नाही" म्हणायचं, "बघू" म्हणायचं नाही.

आणि येणार म्हणजे यायचंच. आमच्या वस्तीतले एक म्हातारे मास्तर गेले तेव्हा मला कुणी बोलावलं नव्हतं, मी आपली जाऊन मागं उभी राहिले. शवपेटी खाली सोडल्यावर एकेकजण मूठभर माती टाकत होता, मी घुटमळले, तर मास्तरांच्या मुलीनंच हात धरून पुढं नेलं. तोपर्यंत मी सगळ्यांची "मॅडम" होते, दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत कुणीतरी "वहिनी, सरका की पुढं" म्हटलं. तुला तर काकू आत्ताच वहिनी म्हणतात, शिरा नाकारतानासुद्धा म्हणाल्या, ते तुझ्या लक्षातच आलेलं दिसत नाही.

एक बारकी गोष्ट, गुड फ्रायडेला "हॅपी गुड फ्रायडे" असा मेसेज कुणाला टाकू नकोस. तो येशूच्या मरणाचा दिवस, दुपारी बारा ते तीन ते येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवरची प्रवचनं ऐकत बसलेले असतात. शुभेच्छा द्यायच्या त्या नंतरच्या रविवारी, ईस्टरला. आमच्या ऑफिसात दरवर्षी कुणीतरी फुलांचं चित्र टाकायचंच.

राहिला तुझा मेंढपाळ. संडे स्कूलला गेल्यानं कुणी ख्रिस्ती होत नाही, बाप्तिस्मा ही वेगळी गोष्ट आहे, आईबापांना न विचारता आठ वर्षांच्या पोराला कुठलाही जबाबदार पाळक तो देणार नाही. तरी तू स्वतः जाऊन शिकवणाऱ्या ताईंना भेट, काय शिकवतात विचार, तुमच्याकडं काय चालतं तेही सांग. घरी तुमचा हरिपाठ चालू असेल तर तो चालूच ठेवा, पोरांना दोन गोष्टी ऐकून गोंधळ होतो असं आपल्याला वाटतं, त्यांना नाही होत. मात्र तिथून येऊन तो कधी "आजी नरकात जाणार" असं काही बोलला तर त्याच आठवड्यात जाऊन बोलायचं, आणि ऐकलं नाही तर बंद करायचं. माझ्या पोराच्या बाबतीत असं कधी झालं नाही, पण तू कान उघडे ठेव.

सासूबाईंशी फोनवर वाद घालू नकोस, त्यात कुणी जिंकत नाही. त्यांना काम सांग. मेंढपाळाला घोंगडं लागतं, आणि चांगलं घोंगडं पंढरपुरात मिळतं. त्यांनाच म्हण, नातवाच्या मापाचं एक घेऊन या आणि नाताळला चार दिवस राहायलाच या. काकूंच्या शेजारी खुर्चीवर बसून नाटिका बघतील. काठी मात्र पुठ्ठ्याची दे, आमच्या पोरानं खरी नेली होती आणि तालमीतच एका देवदूताच्या डोक्यात घातली.