टायपिंग शिकायचं तर टर्मिनलवरच शिक, फुकटात होतंय

अरे भावा, टायपिंगसाठी पैसे कशाला घालायलास, कॉम्प्युटरवर उबुंटू (लिनक्स) हाये ना तुझ्याकडं, मग टर्मिनल, म्हंजे कमांड टाईप करायची ती खिडकी, उघड आन् ‘sudo apt install gtypist’ मार, हे जीटायपिस्ट म्हंजे टायपिंग शिकवायचा प्रोग्राम, पूर्ण फ्री हाये, ग्नू नावाच्या फ्री सॉफ्टवेअर वाल्यांचं. एकदा इन्स्टॉल झालं की नेट लागत नाही, आपल्याकडं परभणीत रेंजचे काय हाल हायेत तुला माहितीच. ‘gtypist’ टाईप करून सुरू केलं की मेन्यू येतो, क्यू (Q) सिरीज घे, ती क्वर्टीची, म्हंजे नेहमीच्या इंग्रजी कीबोर्डची, छोटी सिरीज हाये, नवीन माणसाला बरी. वर ओळ दिसती, तू खाली तीच टाईप करायची, ड्रिलमध्ये, म्हंजे सरावाच्या ओळीत, ३ टक्क्यांच्या वर चुका झाल्या की पुन्हा करायला लावतं, चिडू नको, तिथंच हात बसतो. एफ आन् जे च्या बटनावर बारीक उंचवटा असतो बघ, दोन्ही तर्जन्या तिथं ठेव, खाली बघायचंच नाही, मी तर हातावर रुमाल टाकून करायचो. स्पीडच्या मागं आत्ताच लागू नको. कंटाळा आला तर टाईपस्पीड नावाचा गेम हाये, शब्द पळत येतात, निसटायच्या आत टाईप करायचे. आपल्या राज्याच्या क्लार्क-टायपिस्टच्या परीक्षेला इंग्रजीचा मिनिटाला ४० शब्दांचा स्पीड लागतोय, रोज अर्धा तास दे, अडलं तर विचार.