वाचकांचे प्रश्न : मिलवाले काका, रात्रीच्या सफाईवाल्या आणि आपला कॅमेरा

कुणाच्या फारशा लक्षात न येणाऱ्या माणसांवर माहितीपट करू पाहणाऱ्या इंदूरकर वाचकांचे पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न (लोकमान्य नगर) : परदेशीपुऱ्यातल्या एका निवृत्त मिल कामगार काकांवर वीस मिनिटांचा माहितीपट करतोय. एरवी ते तासन्‌तास बोलतात. कॅमेरा सुरू केला की ‘मिल बंद झाली, सब खतम’ एवढं म्हणून गप्प बसतात. त्यांना बोलतं कसं करू?

उत्तर : मिल कशी बंद पडली, देणी कधी मिळाली, हे काकांना आजवर अनेकांनी विचारलं असणार. त्या उत्तराची आता पाटी झाली आहे. हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या सुमारे 224 कोटींच्या थकबाकीचा धनादेश डिसेंबर 2023 मध्ये दिला गेला, तेव्हाही हेच प्रश्न विचारले गेले. ही माहिती पडद्यावर एका ओळीत मावते, ती काकांकडून वदवून घ्यायची गरज नाही. त्यांच्याकडून घ्यायचं ते त्यांचं काम.

‘कसं वाटलं?’ हा प्रश्न वहीतून खोडून टाका. विचारा : कोणत्या खात्यात होता? एका माणसाकडे किती साचे (माग)? धागा तुटलाय हे आधी डोळ्यांना कळायचं की कानांना? रात्रपाळीत डबा किती वाजता उघडायचा? बदलीवाल्याला, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी येणाऱ्याला, फाटकावरून परत पाठवलं तर तो दिवसभर कुठे जायचा? अशा प्रश्नांना ‘सब खतम’ हे उत्तर देताच येत नाही.

सोबत सुती धाग्याचं एक रीळ न्या. काका साचा खात्यातले असतील, तर तुटलेला धागा कसा सांधायचा ते दाखवायला सांगा. दोन टोकं चिमटीत एकमेकांवर आडवी, अंगठ्यावरून एक फेरा, मोकळं टोक फेऱ्यात दाबलं की ओढ, आणि उरलेलं टोक तोडून टाकायचं. सरावलेल्या बोटांना याला श्वासभरही वेळ लागत नाही, म्हणून एकदा टिपून भागणार नाही. पहिल्यांदा काका आणि खोली दोन्ही दिसतील असं, दुसऱ्यांदा खांद्यावरून फक्त बोटं, तिसऱ्यांदा फक्त चेहरा. हात कामात असले की नजर तुमच्यावरून हटते आणि बोलणं आपोआप सुरू होतं. त्या वेळी तुम्ही ‘हं, हं’ करू नका. तुमचा हुंकार त्यांच्या वाक्यावर चढला की संकलनात तो वेगळा काढता येत नाही. मान हलवा. उत्तर संपलं असं वाटल्यावर मनात आठ आकडे मोजा आणि मगच पुढचं विचारा. बऱ्याचदा खरं वाक्य त्या आठ आकड्यांत येतं.

पांढऱ्या भिंतीपुढे खुर्चीत बसवण्याचा मोह टाळा, त्याने घराचं कार्यालय होतं. ते रोज जिथे बसतात तिथेच बसू द्या. तुम्ही त्यांच्याच उंचीवर, भिंगाला खेटून बसा. ते माळवीत बोलत असतील तर माळवीतच बोलू द्या. आपण मराठी माणसं समोरच्याशी नीट हिंदी बोलायला जातो आणि तोही मग भाषण दिल्यासारखं बोलायला लागतो. एखादा जुना जोडीदार बोलावता आला तर फारच छान. दोघांचं एका तारखेवरून वाजलं की तुम्ही फक्त कॅमेरा सांभाळायचा.

मिल बंद पडल्या तरी त्यांच्या झांक्या (हलते देखावे) अनंत चतुर्दशीला अजून निघतात. मिरवणुकीत फक्त गर्दी आणि डीजे मिळेल. तयारीच्या दिवसांत जा, हलत्या पुतळ्यांच्या मोटरी बसवणारे, पट्टे ताणणारे हात तिथे सापडतील.

प्रश्न (रामबाग) : सराफ्यात रात्री खाऊची दुकानं उठल्यावर झाडणाऱ्या ताईंचं चित्रण केलं. आवाज खरखरीत आलाय, चित्रात पट्टे सरकताना दिसतात आणि त्यांच्या जॅकेटवर पांढरे डाग पडलेत.

उत्तर : तीन दुखणी, तिन्हींची कारणं वेगळी.

खरखर कापडाची आहे. साडीच्या पदराआड माइक नुसता खोचला की दर झटक्याला कापड त्यावर घासतं. हनुवटीखाली एक वीत अंतरावर, ब्लाउजच्या काठाला, दुकानात मिळणाऱ्या कागदी वैद्यकीय चिकटपट्टीने तो घट्ट बसवा. खाली वायरीचा छोटा वेढा सोडून त्यावर दुसरी पट्टी लावा, म्हणजे हिसका वेढ्यातच जिरतो. माइक लावायला तुमच्या टोळीत बाई हवीच. पातळी अशी ठेवा की नेहमीच्या बोलण्यात काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास जाईल. झाडू आपटला तरी तो शून्याला भिडता कामा नये, कारण एकदा फाटलेला आवाज शिवता येत नाही. बिनतारी माइकचा संदेश गर्दीत तुटतो, म्हणून ट्रान्समीटरमध्येच ध्वनिमुद्रण होणारा घ्या. निघताना कुणीही न बोलता मिनिटभर नुसत्या गल्लीचा आवाज घ्या. संकलनात दोन तुकड्यांमधली फट त्यानेच बुजते. (मागे कुठे सिनेमाचं गाणं वाजत असेल तर आधी बंद करायची विनंती करा. ध्वनिमुद्रिकेचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं राहतो, आणि गाणं बोलण्याखालून उपसून काढता येत नाही.)

पट्टे दिव्यांचे आहेत. आपली वीज 50 हर्ट्‌झची, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. सेकंदाला 25 चौकटी (फ्रेम) आणि शटर 1/50 ठेवा. फोनच्या ऑटोवर सोडलं की तो 30 चौकटी आणि वाटेल ते शटर घेतो. एलईडीच्या काही जाहिरातफलकांचा लुकलुकाट वेगळाच असतो, तिथे शटरने काम झालं नाही तर कोन बदला.

जॅकेटची पट्टी प्रकाश जिथून येतो तिथेच परत फेकायला बनवलेली असते. दिवा कॅमेऱ्यावर लावला की सगळा उजेड सरळ भिंगात येतो. कॅमेऱ्यावरचा दिवा काढून बाजूला चार-पाच हातांवर धरा, किंवा रस्त्याच्या दिव्यावरच भागवा. उजेडाचं माप चेहऱ्यावर घ्या, पट्टीवर नाही.

आणि एक सुचवतो. इंदूर 2017 पासून सलग अनेक वर्षं स्वच्छतेत पहिलं आलं, ते वाक्य शहरातल्या भिंतींवर पुरेसं लिहिलेलं आहे. तुमचा माहितीपट त्याने सुरू करू नका. झाडू कोणत्या कोनात धरला की तेलकट फरशीवरून द्रोण सरकतात, कोणता कचरा हातानेच उचलावा लागतो, पाठ कधी धरते, तिथून सुरू करा.

प्रश्न (टिळक नगर) : रात्रीच्या सफाईवाल्या बायकांचं चित्रण करताना त्यांची संमती कागदावर घ्यावी का? आणि पैसे द्यावेत का?

उत्तर : कागद हवाच, पण तो हिंदीत, एका पानाचा, मोठ्याने वाचून दाखवलेला. चित्रण कुठे दाखवणार, इंटरनेटवर टाकणार का, नंतर नाही म्हणायचं तर कधीपर्यंत, हे त्यात असू द्या. सही न येणाऱ्यांचा अंगठा घेताना साक्षीदार त्यांच्या ओळखीचा असावा, मुकादम नव्हे. मुकादमासमोर कुणी नाही म्हणत नाही. तीच संमती कॅमेऱ्यावरही बोलून घ्या. कंत्राटावरच्या बाईने पगाराबद्दल तक्रार केली, तर ते वाक्य ठेवायचं की नाही हे चित्रणाच्या रात्री ठरवू नका. संकलन झाल्यावर तिला दाखवून विचारा. चेहरा धूसर केला तरी आवाज, बांगड्या आणि गल्लीवरून टोळीतल्यांना ती ओळखू येते, हेही तिला सांगा.

पैशांचं म्हणाल, तर बुडालेल्या मजुरीएवढे जरूर द्या, आधी ठरवून आणि सगळ्यांना सारखे. रडली तर जास्त, असं चुकूनही होऊ देऊ नका.

प्रश्न (राजेंद्र नगर) : फोनवर चित्रण, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. सुरुवातीला ओठ जुळतात, दहा मिनिटांनी सुटतात. असं का?

उत्तर : फोन चौकटींचा वेग मनाप्रमाणे कमी-जास्त करतो. वेग बांधून ठेवणारं कॅमेरा ॲप वापरा. झालेल्या फाइली हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये स्थिर वेगावर बदलून मगच संकलनात घ्या. रेकॉर्डर 48 किलोहर्ट्‌झवर ठेवा आणि दर तुकड्याच्या सुरुवातीला व शेवटी भिंगासमोर टाळी वाजवा, चित्र आणि आवाज तिच्यावरून जुळवता येतात. जागेचा हिशेबही आधीच करा : सेकंदाला 100 मेगाबिटचं चित्रण तासाला 45 जीबी खातं. त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा, दोन्हींवरच्या फाइली उघडून बघा आणि तोवर कार्ड पुसू नका.

प्रश्न (सुखलिया) : माहितीपट तयार आहे, दाखवायचा कुठे?

उत्तर : आधी ज्यांच्यावर आहे त्यांच्या वस्तीत. पांढरी चादर, भाड्याचा प्रोजेक्टर आणि दोन स्पीकर पुरतात. अंधार पडल्याशिवाय सुरू करू नका. सफाईवाल्या ताईंची वेळ त्यांनाच विचारून ठरवा, रात्री त्या कामावर असतात. तिकीट लावून किंवा सभागृहात सार्वजनिक खेळ करायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. महोत्सवांसाठी सूट मिळते, तिचा अर्ज आयोजक करतात. मुंबईचा मिफ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) दर दोन वर्षांनी होतो, केरळचा माहितीपट महोत्सव तिरुवनंतपुरमला भरतो. दोन्हीकडे पाठवताना इंग्रजी उपशीर्षकं लागतील, आणि माळवीची उपशीर्षकं माळवी येणाऱ्याकडूनच तपासून घ्या.