क्षय दिसलाच नाही, मग जर्मेनियम डिटेक्टर तपासतात कसा?

प्रश्न: नमस्कार सर, मी परभणीला बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. न्यूट्रिनो (अतिशय हलका, सहज न सापडणारा कण) बाहेर न पडता होणारा डबल बीटा क्षय (अणुकेंद्रातून एकदम दोन इलेक्ट्रॉन निघतात तो) जर्मेनियममध्ये शोधतात असं वाचलं. पण तो आजपर्यंत पक्का कुणालाच दिसला नाही ना, मग डिटेक्टर बरोबर चाललाय हे कशावरून ठरवतात? आणि आपल्या औंढ्याच्या लायगोत हे काम होणार का?
– एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर: औंढ्याचं आधी सांगून टाकतो, नाही. लायगो गुरुत्वीय लहरींसाठी आहे, तिथं जर्मेनियमचं काम नाही.

पहिला प्रश्न मात्र लय मुद्द्याचा विचारलास. इटलीत ग्रान सासो डोंगराखालच्या गेर्डा प्रयोगानं 2020 ला सांगितलं की या क्षयाचं अर्धायुष्य 1.8 × 10²⁶ वर्षांपेक्षा जास्तच असणार, म्हणजे 100 किलो जर्मेनियम-76 घेऊन बसलं तरी वर्षाला फारतर तीनेक घटना. त्यात एक जरी नोंद खोटी निघाली तरी सगळा हिशोब बिघडतो, म्हणून प्रयोगात बसवायच्या आधीच एकेक डिटेक्टर, म्हणजे जर्मेनियमचा स्फटिकच, कसून तपासतात. गेर्डाचे डिटेक्टर बेल्जियममध्ये मोल इथं 225 मीटर खोल हेडीस लॅबमध्ये तपासले, कारण जमिनीवर नुसतं ठेवलं तरी अवकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांमुळं त्यात जर्मेनियम-68, कोबाल्ट-60 असली नको ती रेडिओॲक्टिव्ह मूलद्रव्यं तयार होत राहतात.

तपासताना डिटेक्टर उणे 196 अंश सेल्सिअसच्या आसपास थंड करतात, त्याला लिक्विड नायट्रोजन लागतो (आपल्याकडं जनावरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कांड्या ज्यात ठेवतात तोच). मग व्होल्टेज हळूहळू वाढवत तीन-चार हजारांपर्यंत नेतात आणि बाहेर ठेवलेल्या कोबाल्ट-60 च्या स्रोताचं 1332 केईव्हीचं (केईव्ही म्हणजे ऊर्जेचं एकक) शिखर, म्हणजे ऊर्जेच्या आलेखातला उंचवटा, बघत राहतात, ते सरकायचं थांबलं, रुंदी स्थिर झाली की समजायचं डिटेक्टर पूर्ण कामाला लागला.

पण खरी गंमत थोरियम-228 मध्ये आहे. त्याच्या साखळीतून 2614 केईव्हीचा गॅमा किरण येतो, तो कधीकधी जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच धन भाराचा जोडीदार) यांची जोडी तयार करतो, पॉझिट्रॉन तिथंच संपतो आणि 511 चे दोन गॅमा निघतात. ते दोन्ही बाहेर निसटले तर मागं 1592 केईव्ही उरतात आणि तेही जवळपास एकाच ठिकाणी. आपल्याला हवा तो क्षयसुद्धा असाच, दोन इलेक्ट्रॉन, सगळी ऊर्जा एका जागी, फक्त 2039 केईव्हीला. म्हणजे न दिसलेल्या क्षयाची नक्कल निसर्गच करून देतो! साधा गॅमा मात्र बहुतेक वेळा दोन-तीन ठिकाणी आपटत जातो, त्याच्या पल्सचा (डिटेक्टरमधून येणाऱ्या विजेच्या ठोक्याचा) आकार वेगळा येतो. मग पल्सच्या आकारावरून नोंदी निवडायची चाळणी अशी लावतात की 1592 च्या शिखरातल्या साधारण 90 टक्के घटना राहिल्या पाहिजेत, आणि बघतात त्याच चाळणीत बाकीचा कचरा किती उडाला. जो डिटेक्टर इथं कच्चा निघाला त्याच्या 2039 च्या नोंदीवर, माझ्या मते, भरवसा ठेवायची सोय नाही, रिझोल्यूशन (जवळजवळच्या ऊर्जा वेगळ्या ओळखायची ताकद) कितीही चांगलं असू दे.

एमएस्सीला गेलीस की लॅबमध्ये बहुतेक सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर मिळेल, त्यावर सीझियम-137 चं 662 चं शिखर घेऊन निम्म्या उंचीवरची रुंदी मोज, 45 केईव्हीच्या आसपास येईल. चांगल्या जर्मेनियममध्ये हीच रुंदी 2 च्या आत असते.